पेरुंगुडीचा ६०००९६

चेन्नईच्या दक्षिणेला, ओएमआर रस्त्यालगतच्या पेरुंगुडीचा पिन कोड ६०००९६. भारतात पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याची. पहिला ६ दक्षिणेचा, पुढचे आकडे टपालाच्या सोयीचे. गणिताचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता, म्हणूनच तो करून पाहावासा वाटतो.

अंकांची बेरीज करा: २१. आता ६,००,०९६ ला २१ ने भागा. २८,५७६ येतात, बाकी शून्य. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. हर्षद संख्या दुर्मीळ नाहीत, १ ते १०० मध्येच त्या ३३ आहेत. रामानुजनांची १७२९ देखील हर्षदच: १९ गुणिले ९१.

पण या संख्येचं खरं वैभव तिच्या अवयवांत आहे. पाच वेळा २, मग ३, ७, १९ आणि ४७. सहा लाखांवरची संख्या, आणि तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव अवघा ४७! विभाजक मोजायचे तर २ चा घात सहा प्रकारे निवडता येतो, बाकीचे चार अवयव घ्यायचे किंवा सोडायचे; म्हणजे ६×२×२×२×२ = ९६. संख्येच्या शेवटी ९६, विभाजकही ९६, आणि ९६ ने तिला पूर्ण भागही जातो. यातलं शेवटचं सहज उलगडतं: ६,००,००० मध्येच ९६ हे ६,२५० वेळा बसतात, त्यात आणखी एकदा. विभाजक नेमके ९६ निघणं मात्र निव्वळ योगायोग, आणि मला तो फार आवडतो.

कापरेकरांची ‘स्वयंभू’ संख्या म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. आपली संख्या तशी नाही. ६०००८१ मध्ये १५ मिळवले की ६०००९६ येतात, आणि ६०००८१ हा उत्तर चेन्नईतल्या तोंडियारपेटचा पिन कोड.

कापरेकरांनी आपला ६१७४ चा शोध १९४९ मध्ये मांडला तो याच शहरात, मद्रासच्या गणित परिषदेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहायचं. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, ६१७४ वर येऊन थांबते. ६०००९६ थांबत नाही. ९६६००० वजा ०००६६९ म्हणजे ९६५३३१, आणि असं करत बाराव्या वजाबाकीला ८५१७४२. तिथून सात संख्यांचं चक्र सुरू होतं, ते संपतच नाही.

१९३० ते १९६२ शाळेत शिकवत कापरेकरांनी हे काम केलं. अनेक गणितज्ञांना ते क्षुल्लक वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाने दखल घेतली. मला ते क्षुल्लक वाटत नाही. पाचवीतल्या मुलालाही ज्याच्या आत शिरता येतं, असं गणित फार थोडं आहे.

देवळाली कॅम्पचा ४२२४०१ हर्षद नाही. १३ ने भागल्यावर ५ उरतात. तुमचा पिन कोड काय म्हणतो, ते घरातल्या मुलांना कागद-पेन्सिल देऊन शोधायला सांगा.