एका गावात दोन राजे, पण माणसं कुठली कुठली!

गाव एक, राजे दोन! देवासची ही नवलाई 1948 पर्यंत टिकली. पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या सख्ख्या भावांची घराणी म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एका राजाचा अंमल, समोर दुसऱ्याचा. तोफांची सलामी मात्र दोघांनाही सारखीच, पंधरा. टेकडीवर देव्याही दोन: मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा.

थोरल्या पातीच्या दरबारी 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होता. याच पातीचे राजे विक्रमसिंह 1947 मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. राजर्षी शाहूंच्या लेकीचेच ते चिरंजीव, म्हणजे दत्तक गेले ते आजोळी!

धारचे पवार या देवासकरांचे भाऊबंद. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव 1775 मध्ये धारच्या किल्ल्यातच जन्मला. गोंदिया-भंडाऱ्याकडचे पोवारही आपलं मूळ राजा भोजाच्या धारेत सांगतात.

पण वाड्यांतच रमलं तर इथली माणसं बघायची राहून जातात. 2011 च्या जनगणनेत धार जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 22 लाख होती आणि त्यात निम्म्याहून जास्त, सुमारे 56 टक्के, आदिवासी. भिल, भिलाला, बारेला हेच या जिल्ह्याचे खरे बहुसंख्य. शेजारच्या देवासमध्ये हे प्रमाण 17 टक्क्यांच्या आसपास. तिथे कारखाने, नोटांचा छापखाना, म्हणून गावोगावचे कामगार.

होळीआधी कुक्षीकडे भगोरियाचे बाजार भरतात. मुली पळवून नेण्याचा मेळा, असं दरवर्षी छापून येतं आणि आदिवासी दरवर्षी त्यावर आक्षेप घेतात. तो होळीच्या खरेदीचा हाट आहे. ढोल, बासरी, नवे कपडे, नातलगांच्या भेटी. तिथल्या माणसांचं म्हणणं आता तरी ऐकायला हवं.

त्याच भागातल्या बागचे मुसलमान खत्री लाकडी ठशांनी कापड छापतात. लाल रंगासाठी तुरटी, काळ्यासाठी गंजलेलं लोखंड. मग कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, तांब्याच्या कढईत उकळायचं, तेव्हा कुठे लाल रंग खुलतो. हे घागऱ्याचं कापड पूर्वीपासून घ्यायच्या आदिवासी बायका. शहरांना त्याची ओळख फार नंतर झाली.

देवासला मात्र बाहेरून आलेल्या एका माणसाने कान दिला. बेळगावकडचे कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयावर उपचारासाठी, कोरड्या हवेसाठी इथे आले. अंथरुणावर पडून माळवी बायकांची गाणी ऐकली आणि त्या धुनांतून पुढे नवे राग बांधले. मराठी मैफलींना माळव्याची ओढ लागली ती यांच्यामुळे.

देवासच्या बागली भागात कोरकूही आहेत, आपल्या मेळघाटातल्या कोरकूंचेच भाईबंद. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. तिचं गोत थेट झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी जुळतं.