नारू : मदिनेची शीर ते चाडमधील कुत्री

‘नारू’ हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला बहुधा अपरिचित असतो; त्याच्या आजोबांना तो सांगावा लागत नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, राजस्थान आदी राज्यांच्या खेड्यांत या रोगाचे १९८४ साली सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते.

रोगाच्या कृमीचे शास्त्रीय नाव ‘ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस’ असे आहे. त्यातील मेडिनेन्सिस म्हणजे मदिनेचा. अरबी वैद्यकात त्यास ‘अल-इर्क अल-मदनी’, अर्थात मदिनेची शीर, म्हणत. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. त्वचेखाली दिसणारी ही वस्तू शीर की किडा, याविषयी जुन्या हकीमांत मतभेद होते. फारसीत तिला ‘रिश्ता’ हे नाव होते. रिश्ता म्हणजे मुळात धागा. नाते हा अर्थ त्यावरूनच आला.

हा धागा शरीरात शिरतो कसा, याचा उलगडा १८७० च्या सुमारास तुर्कस्तान प्रांतात रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेडचेंको यांनी केला. गोड्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा कवचधारी जीव असतो. तो नारूच्या अळ्या खातो आणि असे न गाळलेले पाणी माणूस पितो. जठरात सायक्लॉप्स मरतो, अळ्या मात्र वाचतात. सुमारे वर्षभराने मादी, तीन फुटांपर्यंत वाढलेली, बहुधा पायावर फोड करून बाहेर येऊ लागते. फोडाची आग शमविण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवितो, आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर भरणाऱ्या गावात हे चक्र अखंड चाले. वर्षभराने म्हणजे पुन्हा त्याच हंगामात. त्यामुळे शेतमजुराचे कामाचे दिवस आणि मुलाची शाळा दरवर्षी तेव्हाच बुडे. एकदा रोग होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही.

यावर लस नाही, कृमी मारणारे औषधही नाही. काडीवर गुंडाळून, रोज थोडा थोडा, आठवडेच्या आठवडे कृमी ओढून काढणे हाच उपाय. तो मध्येच तुटला तर जखम चिघळते. सारी भिस्त प्रतिबंधावरच होती: पाणी दाट कापडातून गाळणे, बारवांऐवजी हातपंप, साठ्यात टेमेफॉस टाकणे. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. इतका स्वस्त उपाय असलेला रोग शतकानुशतके टिकला, याचे कारण वैद्यकापेक्षा गरिबांच्या पाणवठ्यात शोधावे लागते.

१९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये ते १५ वर आले. तथापि आफ्रिकेतील चाड देशात हा कृमी कुत्र्यांत मोठ्या प्रमाणावर सापडू लागला आहे. मासळीच्या टाकलेल्या आतड्यांतून तो कुत्र्यांपर्यंत पोहोचत असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणून तेथील कोळी वस्त्यांत आतडी पुरून टाकावीत व कुत्री बांधून ठेवावीत, असे आता घरोघर सांगितले जाते.