लाल क्रेटमधले नग

सकाळी ५.३०
ओट्यावर एका बाजूला कणीक, दुसऱ्या बाजूला वही. वहीत आकडे: १०१ म्हणजे माल आत आला, १२२ म्हणजे पुरवठादाराला परत गेला, २६१ म्हणजे उत्पादनाला दिला, ५४१ म्हणजे जॉबवर्कला पाठवला. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये यांना मूव्हमेंट टाइप म्हणतात. माझं वय ४४, शिक्षण बी.कॉम. भोसरी एमआयडीसीत १६ वर्षं स्टोअर आणि परचेस सांभाळलं. गेली दोन वर्षं सॅपची फंक्शनल कन्सल्टंट आहे. प्रोग्रामची एक ओळ मला लिहिता येत नाही. पोळ्या लाटता लाटता आकडे मात्र पाढ्यांसारखे पाठ होतात.

७.२०
चिंचवडहून हिंजवडीची बस. भूमकर चौकात ती नुसती उभी राहते, त्यामुळे जुनं आठवायला वेळच वेळ. आमच्या कारखान्यात सॅप आलं तेव्हा मी ‘की यूजर’ होते. बाहेरून आलेली मुलं विचारायची, मी सांगायचे, ती लॅपटॉपवर मांडायची. मटेरियल मास्टर साफ करायला बसले, तर आठ एमएमचा एकच बोल्ट चार नावांनी चार रॅकवर निघाला. मुलांना सॅप येत होतं. बोल्ट एकच आहे हे मला ठाऊक होतं. कन्सल्टंट व्हायचं खूळ डोक्यात शिरलं ते तेव्हाच.

मग क्लास लावला. फी भरून झाल्यावर तिथल्या माणसाने अगदी सहज सुचवलं, की बायोडेटात चार वर्षांचा सॅपचा अनुभव दाखवा, सगळेच दाखवतात. मी नाही दाखवला. त्यामुळे जुन्या पगाराहून कमी पगारावर रुजू झाले. घरात त्यावर कुणी बोललं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “एसीत बसायला मिळतंय ना!”

९.१५
टीम लीड २९ वर्षांचा. भोसरीत हमालापासून पुरवठादारापर्यंत सगळ्यांची मी ‘मॅडम’ होते, याने पहिल्याच दिवशी “तू कुठून येतेस?” म्हटलं. आठवडाभर खटकलं. आता मीही त्याला अरेतुरे करते आणि दोघांचं बरं चाललंय.

आजचं तिकीट, म्हणजे तक्रार, चाकणच्या एका कारखान्याचं. झिंक प्लेटिंगला दिलेले १,१४० ब्रॅकेट सिस्टिम प्लेटरकडे दाखवतेय. प्लेटर म्हणतो, माझ्याकडे एकही नाही. घाई आहे, कारण जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी विकल्यासारखा धरतात. माल जातो ते चलान जुनी माणसं अजून ‘सत्तावन्न एफ चार’चं म्हणतात. उत्पादन शुल्काचा तो नियम कधीच गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला, नाव तेवढं गेटवर राहिलं.

टीम लीड म्हणाला, “बीओएम चुकलं असणार.” बीओएम म्हणजे कुठल्या नगाला काय लागतं त्याची यादी. प्लेट केलेला नग १०१ ने आत आला, की बीओएमप्रमाणे प्लेटरकडचा कच्चा नग ५४३ ने आपोआप वजा होतो. त्याने दोन तास बीओएम तपासलं. ते बरोबर होतं.

११.३०
मी स्टोअरला फोन लावला.

“दादा, प्लेटरकडून प्लेटिंग न करताच परत आलेले नग कुठे ठेवता?”

पलीकडे शांतता. मग, “लाल क्रेटमध्ये, मॅडम.”

“आणि एंट्री?”

“ती क्वालिटीवाल्यांचा निर्णय झाला की करतो.”

निर्णय कधी होतो ते मला ठाऊक आहे. मीही हेच करत असे. पत्र्यालाच गंजाचे डाग असले, की प्लेटर नग तसेच परत पाठवतो, हाताने लिहिलेल्या चलानावर. चलान गेटच्या रजिस्टरमध्ये चढतं, नग लाल क्रेटमध्ये पडतात आणि एंट्री कुणीच करत नाही, कारण केली तर रिजेक्शन दिसतं आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्याचा जाब द्यावा लागतो. लागते ती एकच एंट्री, ५४२: जॉबवर्कला गेलेला माल तसाच परत. क्रेट मोजून चलानं जुळवा म्हणून दादांना सांगितलं. टीम लीडने विचारलं, “हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आहे?” कुठल्याच नाही.

१.१५
डबा. मेथीची भाजी.

२.००
इथे मात्र माझी मिजास उतरते. असं पुन्हा होऊ नये म्हणून रिपोर्ट हवा: कुठल्या चलानाचे किती नग, किती दिवस बाहेर. प्रोग्राम लिहिणार हैदराबादची मुलगी. मी तिला फंक्शनल स्पेसिफिकेशन द्यायचं. काल मी लिहिलं होतं, ‘माल गेल्याची तारीख घ्यावी.’ तिने परत पाठवलं: कोणती तारीख? एकाच व्यवहाराला कागदावरची एक, हिशेबाची एक आणि प्रत्यक्ष एंट्री केली ती एक, अशा तीन तारखा असतात. १६ वर्षं मी तिन्हींना ‘तारीख’च म्हणत आले. आज पुन्हा लिहिलं. कागदावरची तारीख, कारण नग गेटबाहेर गेले त्या दिवसापासून कायदा मोजतो. अर्धवट परत आले तर? चलान रद्द झालं तर? एका वाक्याची तीन पानं झाली.

तारखांच्या फील्डची नावंही जर्मन. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी सॅप जर्मनीत सुरू केलं, तेव्हाची भाषा आत तशीच राहिलीय. पुरवठादाराचा नंबर ‘लिफनर’. मला ते कायम आडनाव वाटतं: भोसरीत लिफनर नावाचा कुणी पत्रा विकतोय!

५.३०
स्पेसिफिकेशन गेलं. उत्तर आलं: “क्लिअर.” या मुलीकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

६.५०
बस पुन्हा भूमकर चौकात. दादांचा फोन.

“मॅडम, मोजले. सगळे सापडले.”

“छान. आता ५४२ करून टाका.”

“करतो, पण...” ते घुटमळले. “क्रेटमध्ये बाराशे निघालेत. साठ जास्त.”

“उद्या सकाळी दहाला फोन करते. तोवर कुणालाच क्रेटला हात लावू देऊ नका.”