दोन गोळ्या, एक झोप

रात्रीच्या बसने घाट ओलांडून गावी जायचे असले की अनेक घरांत निघण्यापूर्वीचा एक विधी ठरलेला असतो. ज्यांना गाडी लागते, त्यांच्या हातावर अर्धा-पाऊण तास आधी एक लहानशी गोळी ठेवली जाते. घरातील ज्येष्ठ सदस्य त्याच पाण्याच्या घोटाबरोबर आपली रोजची झोपेची गोळीही घेतात. बसमध्ये झोप लागणे तसेही कठीणच. पहाटे तीनच्या सुमारास बस थांबते, गृहस्थ लघुशंकेसाठी उतरू लागतात आणि पायरीचा अंदाज चुकतो. खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे पुरेसे असते. दोष अंधाराला किंवा वयाला दिला जातो. त्या दोन गोळ्यांची आठवण सहसा कोणालाही होत नाही.

वस्तुतः या दोन गोळ्या समजल्या जातात तितक्या परस्परांपासून दूर नाहीत. सन १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवती स्त्रीला ॲलर्जीवरील एक नवे औषध दिले गेले. पित्ताचे काय झाले ते बाजूला राहिले. ट्रॅममध्ये बसताच होणारी तिची आयुष्यभराची मळमळ मात्र थांबली. सन १९४८ च्या अखेरीस जर्मनीकडे निघालेल्या अमेरिकी सैनिकी जहाजावर या औषधाची मोठी चाचणी झाली आणि ‘ड्रामामाइन’ प्रवाशांच्या पिशवीत जाऊन बसले. त्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग डायफेनहायड्रामाइन या द्रव्याचा असतो. हेच द्रव्य अमेरिकेत आज झोपेची गोळी म्हणूनही सर्रास विकले जाते. म्हणजे तेथील एखादा प्रवासी एक गोळी मळमळीसाठी आणि दुसरी झोपेसाठी घेतो, तेव्हा तो नकळत एकच औषध दुप्पट घेत असतो.

भारतात गाडी लागण्यावर घेतली जाणारी ‘अव्होमिन’ ही प्रोमेथाझिन या औषधाची गोळी आहे. तेही मूळचे ॲलर्जीवरचेच. १९५० च्या सुमारास फ्रेंच नौदलातील शल्यविशारद आंरी लाबोरी यांनी ते भुलेच्या व वेदनाशामक औषधांच्या जोडीने जाणीवपूर्वक वापरले, कारण त्या औषधांचा परिणाम ते अधिक गडद करीत असे. शस्त्रक्रियागृहात वैद्यांच्या नजरेखाली जो गुण ठरला, तोच चालत्या बसमध्ये अवगुण ठरतो.

यामागील कारण समजण्यास अवघड नाही. मेंदूला जागे ठेवणाऱ्या रसायनांपैकी हिस्टामिन हे एक महत्त्वाचे. प्रोमेथाझिन त्याची वाट अडवते. त्यामुळे कानातील तोलाच्या यंत्रणेकडून मेंदूतील वांतीच्या केंद्राकडे जाणारा गोंधळ शमतो, आणि जागेपणाही मंदावतो. अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या दुसऱ्याच रसायनाचे बळ वाढवते. दरवाजे दोन असले तरी घर एकच आहे. दोन्हींचा परिणाम एकत्र आला की झोप गाढ होते, तोल आणि स्मरण ढळते, श्वासही मंदावू शकतो. दम्यासारखे फुप्फुसाचे जुने विकार असणाऱ्यांना आणि झोपेत घोरताना ज्यांचा श्वास अडतो त्यांना याचा धोका अधिक. त्यात मद्याची भर पडली तर तो आणखी वाढतो.

शिवाय हा परिणाम रात्रीपुरता राहत नाही. प्रोमेथाझिनची सुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळू शकते. एकट्या झोल्पिडेमचाही अंमल सकाळी उरतो असे आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सन २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. ज्येष्ठांमध्ये प्रोमेथाझिनमुळे तोंड कोरडे पडणे, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडणे, क्वचित भ्रम होणे हेही घडते. दोन वर्षांखालील बालकांना तर ते देऊच नये, असा इशारा त्याच प्रशासनाने सन २००४ मध्ये दिला; त्यामागे श्वास थांबून झालेले मृत्यू होते.

मळमळीवरील सगळीच औषधे झोप आणतात असे मात्र नाही. चक्करेवर दिले जाणारे सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन सुस्ती आणतात. डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही आणि ऑन्डान्सेट्रॉननेही सहसा गुंगी येत नाही. पण या दोहोंबाबत काळजी हृदयाच्या ठोक्यांच्या लयीची असते. म्हणून हृदयविकाराच्या रुग्णांनी ती परस्पर घेऊ नयेत.

झोपेची गोळी रोज घेणाऱ्याने केवळ प्रवासासाठी ती मनाने बंद करणेही हितावह नाही. बरेच दिवस घेतलेले अल्प्राझोलाम अचानक थांबवल्यास अस्वस्थता, कंप, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे, हेच बरे. सोबतची व्यक्ती हाका मारूनही नीट जागी होत नसेल वा तिचा श्वास संथ वाटत असेल, तर ‘गाढ झोपली आहे’ असे समजून स्वस्थ बसू नये. दोन्ही गोळ्यांची वेष्टने बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

नेमकी येथेच एक अडचण येते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे भारतात मार्च २०१४ पासून ‘एच-१’ सूचीत आहेत; त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला वहीत करावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. प्रवासाची गोळी मात्र बसस्थानकाजवळच्या दुकानात पट्टीतून कात्रीने कापून सुटी हातावर पडते. कापलेल्या त्या तुकड्यावर बहुधा औषधाचे नावही पूर्ण उरलेले नसते.