पित्याला दिलेला शब्द

वाचकहो, बहुतेक घरांत एखादा मुलगा असा असतोच, की दप्तर खुंटीला लागते न लागते तोच त्याची पावले मैदानाकडे वळतात. ‘अभ्यासाचे काय?’ हा आईचा प्रश्न उंबरठ्यापाशीच राहतो. खेळ आणि शिक्षण यांचे वैरच असते, असे मानून अनेक घरांत रोज वादंग माजतो. अशा घरांतून डॉ. तालिमेरेन आओ यांची जीवनकथा अवश्य सांगितली जावी.

आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी नागा टेकड्यांतील चांगकी या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घर मोठे, मिळकत बेताची. विकत आणलेला चेंडू दुर्मिळ, म्हणून मुले चिंध्यांचा चेंडू करून खेळत. जोरहाटच्या मिशन शाळेत तालिमेरेन यांच्या खेळाला वळण लागले. परंतु १९३५ च्या सुमारास विषमज्वराने वडिलांचा अंत झाला. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे व आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा होती. मुलाने ती शिरोधार्य मानली. त्याच्या पुढील सर्व आयुष्याचा पाया या एका शब्दावर रचलेला आहे.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकत असताना ते तेथील महाराणा क्लबकडून खेळू लागले व नावारूपास आले. पुढे १९४२ साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. हेच महाविद्यालय १९४८ पासून डॉ. राधागोविंद कर यांच्या नावाने ओळखले जाते.

कोलकात्यात फुटबॉल हा केवळ खेळ नव्हे, हे आपणांस सांगावयास नको. मोहन बागान क्लबची स्थापना १८८९ सालची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे नमवून आय.एफ.ए. ढाल जिंकली. त्या दिवशी विजयी संघातील एकाखेरीज सर्व खेळाडू अनवाणी होते. पारतंत्र्यात पिचलेल्या लोकांना त्या विजयाने केवढा धीर दिला असेल! अशा क्लबचे बोलावणे तालिमेरेन यांना १९४३ साली आले. ते बचावाची भिंत होऊन मध्यभागी उभे राहत. उंच चेंडूवरील त्यांचे प्रभुत्व आणि अचूक अडवणूक प्रेक्षकांच्या मनात भरली. यथाकाल ते मोहन बागानचे कर्णधारही झाले.

ही वर्षे सुखाची नव्हती. महायुद्ध चालू होते, १९४३ चा भीषण दुष्काळ आला, १९४६ च्या दंगली झाल्या आणि १९४७ साली बंगालची फाळणी झाली. अशा शहरात एकीकडे रुग्णालयातील कक्ष व दुसरीकडे मैदान, असा दुहेरी संसार या विद्यार्थ्याने चालविला. तो फुकट चालला नाही. प्रवेशापासून पदवीपर्यंत आठ वर्षे गेली. खेळाने वेळ मागितला आणि त्यांनी तो दिला. मात्र पुस्तक कधी मिटले नाही.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. फुटबॉल संघाचे नेतृत्व आओ यांच्याकडे आले. २९ जुलै रोजी, म्हणजे मोहन बागानच्या त्या विजयानंतर बरोबर सदतीस वर्षांनी, उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा हाती घेऊन तेच अग्रभागी चालले. ज्या पथकाचा ध्वज त्यांच्या हाती होता, त्या पथकात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधवही होते, हे आपण मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे.

दोनच दिवसांनी इलफर्ड येथे भारताची गाठ फ्रान्सशी पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सामना अटीतटीचा झाला. भारताचा एकमेव गोल सारंगपाणी रामन यांनी केला. दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या आणि अगदी अखेरच्या क्षणी फ्रान्सने २-१ अशी बाजी मारली. पत्रकारांनी अनवाणी खेळण्याविषयी छेडले, तेव्हा आम्ही पायांनी फुटबॉल खेळतो, तुम्ही खेळता तो ‘बूटबॉल’, अशा आशयाचे उत्तर आओ यांनी हसत दिले, असे सांगतात.

याच सुमारास लंडनच्या विख्यात आर्सेनल क्लबाने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून येण्याविषयी विचारले व त्यांनी नकार दिला, ही हकीकतही सर्वत्र सांगितली जाते. त्या काळी इंग्लंडात खेळाडूंच्या वेतनाला मर्यादा होती. १९४७ साली ती हंगामात आठवड्याला १२ पौंड ठरली होती. तरीही तीस वर्षांच्या, पदवी न मिळालेल्या विद्यार्थ्याला असे बोलावणे म्हणजे कीर्तीचे द्वारच! परंतु तिकडे गेल्यास चांगकीच्या त्या घरात दिलेल्या शब्दाचे काय झाले असते?

आओ परतले. १९५० साली एम.बी.बी.एस. झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी खेळाचा निरोप घेतला. दिब्रुगढ येथे नाक-कान-घसा विभागात काम केल्यावर १९५३ साली ते कोहिमाच्या रुग्णालयात रुजू झाले. १९६३ साली नागालँड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या आरोग्य सेवेचे पहिले संचालकपद त्यांच्याकडे आले. १९७८ साली ते निवृत्त झाले व १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. ईशान्य भारतातील एका फुटबॉल स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले असून २०१८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

वाचकहो, आर्सेनलला न जाण्यात त्यांचे काही गेलेच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या मैदानावर आपला कस कुठवर लागला असता, हे पाहण्याची संधी गेली आणि ती पुन्हा येणारी नव्हती. परंतु विषमज्वराने ज्याच्या पित्याला नेले, त्याच पुत्राने त्या डोंगराळ मुलुखात दवाखान्यांची व्यवस्था उभी करण्याचे काम हाती घेतले, यातील समाधानही थोडे नव्हे.

तेव्हा आपला मुलगा आज सायंकाळी मैदानाकडे धावेल, तेव्हा त्याला अडवू नका. परत आल्यावर, हातपाय धुऊन तो जेवावयास बसला, की ही गोष्ट त्याला सांगा. पुस्तक उघडण्याची आठवण कदाचित त्याची त्यालाच होईल.