आज्ञाधारक कारकून

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचा, ही आपली जुनी चाल. आता ज्यांचे दुकान, शिकवणी किंवा दवाखाना आहे, त्यांना आणखी एक घर सजवावे लागते. ते म्हणजे इंटरनेटवरची वेबसाइट! २००३ साली निघालेल्या वर्डप्रेसने हे काम फार सोपे केले. तयार ‘थीम’ घ्यावी, चढवावी, की घटकेत साइटचे रूप पालटते. परंतु वाचकहो, थीम म्हणजे नुसता रंग नव्हे. तिच्या पोटात पीएचपी भाषेत लिहिलेल्या आज्ञा असतात, आणि एखाद्या आज्ञेतली हयगय सगळ्या घराला भोवते.

ही हयगय कशी असते? कचेरीतला एक कारकून डोळ्यांपुढे आणा. खिडकीतून चिठ्ठी आली की तिच्यावर लिहिलेला कागद काढून द्यायचा, एवढेच त्याला ठाऊक. तुम्ही ‘दरपत्रक’ लिहिले, त्याने दरपत्रक दिले. उद्या एखाद्या लबाडाने ‘दोन जिने चढून साहेबांच्या कपाटातल्या किल्ल्या आण’ असे लिहिले, तर हा भला माणूस त्याही आणून देतो! संगणकाला ‘एक जिना वर’ सांगायला दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ पुरते. या जातीच्या दोषाला ‘फाइल इन्क्लुजन’ म्हणतात. कित्येकदा मागवलेली फाइल नुसती दाखवली जात नाही, तर तिच्यातल्या आज्ञाही पाळल्या जातात. पूर्वी परक्या संगणकावरची फाइलसुद्धा अशी आत ओढता येई. २००६ सालच्या पीएचपी ५.२ पासून ती वाट मुळातच बंद ठेवलेली असते. घरातल्या फाइलींची वाट मात्र थीम लिहिणाऱ्यानेच राखायची असते.

२०१४ साली काय घडले पाहा. सरकती चित्रे दाखवणारी ‘स्लायडर रेव्होल्युशन’ नावाची जोडणी शेकडो थीमांत आयती बसवलेली असे. चित्र आणून देणारा तिचा कारकून, मागितलेली वस्तू चित्रच आहे का, हे पाहतच नसे. चोरांनी चित्राऐवजी ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही फाइल मागितली. तिच्यात साइटच्या माहितीकोशाचा पासवर्ड असतो! कर्त्यांनी फेब्रुवारीतच गाजावाजा न करता दोष दुरुस्त केला होता. पण थीमबरोबर ही जोडणी आपल्या घरात आली आहे, हेच असंख्य मालकांना ठाऊक नव्हते. मग दुरुस्ती कोण करणार? त्याच डिसेंबरात ‘सोकसोक’ नावाची कीड या जोडणीच्या जुन्या आवृत्त्यांतून पसरली, आणि गूगलने ११,००० हून अधिक साइट धोकादायक ठरवून अडवल्या. दुकान मांडलेले, पण दारावर ‘येथे जाऊ नका’ अशी पाटी!

उपाय काही अवघड नाही. थीम लिहिणाऱ्याने कारकुनाला ठराविक कागदांची यादी द्यावी. यादीबाहेरचे काही देऊ नये. मालकाने थीम आणि जोडण्या वेळच्या वेळी अद्ययावत कराव्यात. न वापरलेली थीम नुसती बंद करून भागत नाही, कारण तिच्या फाइली तिथेच असतात. ती काढूनच टाकावी. फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रतींच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

आणि साइट बांधून देणाऱ्याला पैसे चुकते करण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा: ‘या थीमच्या आत आणखी काय काय बसवले आहे? आणि त्याची दुरुस्ती निघाली, तर ती कोण करणार?’