बाळंतीण बैठकीला आली नाही तर आधी तिच्या घरी जा, दंड नंतर



गैरहजर राहिलं की दंड, हा आपल्या गटांचा नियम. मागे एका गावात वही तपासताना एका ताईच्या नावापुढे सलग तीन दंड दिसले. बाळ दोन महिन्यांचं. घरी गेले तर सासूबाई म्हणाल्या, "पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीय." ती मात्र हळूच बोलली, "ताई, बाळ रडतं तरी उठावंसं वाटत नाही."

हा आळस नाही, नखरे नाहीत, बाहेरचं तर नाहीच. याला नैराश्य म्हणतात आणि ते औषध-उपचाराने बरं होतं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं, दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यानंतरही उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, "मी चांगली आई नाही" असं सारखं मनात येत असेल, तर दाखवायला हवं. गरोदरपणातही हे होतं, पण तेव्हा आपण डोहाळे म्हणून सोडून देतो.

आपण कुठं डॉक्टर, असं वाटेल. गोव्यात 'संगत' संस्थेने साध्या गावातल्या बायांना शिकवून 'सखी' केलं. नैराश्य असलेल्या 280 गरोदर बाया या अभ्यासात होत्या. निम्म्या जणींकडे सखी जायच्या, ऐकून घ्यायच्या, घरच्यांना सोबत घ्यायच्या. 2019 साली निकाल छापून आला : सखी जात होत्या, त्यांच्यात बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या जास्त होत्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येते. पण तेव्हा बाई बहुतेक माहेरी असते. सासरी परतल्यावर बघणार कोण? आपणच. "तुला काय कमी आहे?" असं विचारू नका. "बाळ मी घेते, तू दोन तास झोप" म्हणा.

14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. धुळ्याच्या आणि जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. अंगावर दूध असतानाही चालणाऱ्या गोळ्या असतात, मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि मनाने बंद करू नका.

मरण्याचं बोलत असेल तर सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटं सोडू नका. कपाशीवरचं फवारणीचं औषध कुलपात ठेवा. भलतंच बरळत असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, 108 ला फोन करा.

त्या ताईचे तीनही दंड गटाने ठराव करून माफ केले. तिच्या गोळ्या चालू आहेत. बैठक सध्या तिच्याच ओट्यावर भरते, आणि पोरगी सगळ्यांच्या मांडीवरून फिरते.